गिटारसाठी ट्यूनर कसा निवडावा आणि आवडते गाणे सुरात कसे बसवावे

गिटार घेऊन तीन-चार महिने झाले, कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे, आकार बोटांना जमू लागले, आणि तरीही ओळखीचे गाणे वाजवायला बसले की ते गाणे तेच असल्यासारखे वाटत नाही, ही तक्रार नव्याने शिकणाऱ्यांकडून मी सतत ऐकतो. बहुतेक वेळा दोष बोटांचा नसतो. एकतर तारा जुळलेल्या नसतात, किंवा तारा नीट जुळलेल्या असतात पण मूळ गाणे निराळ्याच पट्टीत असते आणि शिकणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून ट्यूनर, म्हणजे तारेचा स्वर दाखवणारे यंत्र, निवडणे आणि गाणे बसवणे हे दोन्ही विषय मी येथे एकत्र घेतले आहेत. ट्यूनर मोकळ्या सहा तारांचे काम करून देतो. गाण्याचा ‘सा’ कुठे आहे हे मात्र वाजवणाऱ्यालाच शोधावे लागते, आणि ती सवय पहिल्या महिन्यापासून लावून घेतली तर पुढची बरीच वर्षे वाचतात.

सुरुवात तारांपासून करू. गिटार मांडीवर घेतल्यावर सर्वांत वरची, जाड तार सहावी आणि सर्वांत खालची, बारीक तार पहिली मानतात. जाड तारेपासून क्रमाने त्यांचे स्वर ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा ई असे असतात. आपल्याकडे घराघरांत नसली तरी गल्लीगल्लीत पेटी असतेच, म्हणून पेटीच्या भाषेत सांगायचे तर हे स्वर अनुक्रमे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पांढरी तीन होत. सहाही मोकळ्या तारा पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, ही गोष्ट लक्षात ठेवली तर भजनी मंडळात बसल्यावर गोंधळ होत नाही. कंपनांच्या हिशेबात जाड ई सेकंदाला सुमारे ८२.४, ए ११०, डी १४६.८, जी १९६, बी २४६.९ आणि बारीक ई ३२९.६ हर्ट्झवर असते. या सगळ्यांचा आधार म्हणजे मधल्या सप्तकातला ए, म्हणजेच ४४० हर्ट्झचा स्वर. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९५५ साली तो प्रमाण म्हणून सुचवला आणि १९७५ साली त्याला मानकाचे रूप दिले. ट्यूनर सुरू केल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात ४४० हा आकडा दिसतो, तो हाच.

दुसरी एक मोजणी समजून घ्यावी, कारण ट्यूनरचा काटा तिच्यातच बोलतो. पेटीवरच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर समान भाग केले तर प्रत्येक भागाला सेंट म्हणतात. म्हणजे एका सप्तकात १२०० सेंट झाले. काटा मध्यभागाच्या डावीकडे असेल तर तार उतरलेली आहे आणि उजवीकडे असेल तर चढलेली आहे. नवशिक्या कानाला दोन-तीन सेंटचा फरक जाणवत नाही, दहा-पंधरा सेंटचा फरक मात्र कॉर्ड वाजवताच बोचतो.

कोणता ट्यूनर घ्यावा

बाजारात चार प्रकार दिसतात. मोबाइलवरचे ॲप, गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा क्लिप ट्यूनर, पायाने दाबायचा पेडल ट्यूनर आणि काही इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारच्या कडेला बसवलेला अंगचा ट्यूनर. यांतल्या पेडलचा विचार नवशिक्याने करू नये. तो मंचावर केबल लावून वाजवणाऱ्यांसाठी आहे, केबल नसेल तर त्याचा उपयोग नाही आणि त्याची किंमतही क्लिपच्या अनेक पट असते. गिटारमध्येच ट्यूनर असेल तर उत्तम, फक्त त्याची बॅटरी उतरली की तो फसवे आकडे दाखवू लागतो, एवढे ध्यानात ठेवावे.

खरा प्रश्न ॲप की क्लिप असा असतो, आणि आपल्या खान्देशातल्या माणसाला माझे उत्तर स्पष्टपणे क्लिप असे आहे. ॲप मोबाइलच्या मायक्रोफोनवर चालते, म्हणजे खोलीतले जे जे ऐकू येईल ते सगळे ऐकते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ, धुळे येथे दुपारी कूलर बंद करून बसणे शक्य नसते, आणि कूलरची घरघर नेमकी जाड तारांच्या खर्जातल्या आवाजात मिसळते. अशा वेळी सहावी तार छेडली की ॲपचा काटा एकदा ई दाखवतो, एकदा भलताच स्वर दाखवतो आणि मध्येच नाहीसा होतो. मोबाइलचे छोटे मायक्रोफोन ८२ हर्ट्झसारखा खर्ज मुळातच दुबळा टिपतात, हेही त्यामागचे एक कारण आहे. क्लिप ट्यूनर मात्र हवेतला आवाज ऐकत नाही. त्याच्या चिमट्यात बसवलेला पिझो संवेदक लाकडातली थरथर टिपतो. शेजारी लग्नाचा बॅंड वाजत असला, समोर पेटी-तबला लागत असला, तरी त्याला फक्त आपल्या गिटारची तार कळते. साधा चांगला क्लिप ट्यूनर काही शे रुपयांत मिळतो.

दुकानात घेताना पुढील गोष्टी तिथेच तपासून घ्याव्यात. ट्यूनरवर ‘क्रोमॅटिक’ पद्धत असलीच पाहिजे. क्रोमॅटिक म्हणजे बाराही स्वर ओळखणारा. केवळ ‘गिटार’ पद्धतीचा ट्यूनर सहा तारांचेच स्वर ओळखतो, आणि पुढे कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला किंवा गिटार अर्धा स्वर उतरवली की तो निरुपयोगी ठरतो. मी पहिल्यांदा असाच एक ट्यूनर आणला होता आणि काळी एक पट्टीत गाणाऱ्यांबरोबर बसल्यावर त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. त्यानंतर ४४० हा आधार बदलता येतो का ते पाहावे. साधारणपणे ४३० ते ४५० पर्यंतची सोय असते आणि ती का लागते ते पुढे येईलच. मग ट्यूनर दुकानातल्याच एखाद्या गिटारला लावून सहावी तार हळुवार छेडावी आणि काटा किती लवकर स्थिर होतो ते बघावे. बारीक तारांवर सगळेच ट्यूनर चांगले चालतात, कस लागतो तो जाड तारेवर. पडदा दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहावा, कारण अंगणात किंवा मांडवात बसल्यावर फिकट पडदा दिसेनासा होतो. साध्या ट्यूनरची अचूकता बहुधा एक सेंटच्या आसपास सांगितलेली असते आणि शिकण्यासाठी ती पुरेशी आहे. स्ट्रोब पद्धतीचे ट्यूनर सेंटच्या दशांशापर्यंत जातात, परंतु त्यांची गरज वाद्य दुरुस्त करणाऱ्याला असते. बॅटरी बहुतेकांत सीआर २०३२ ही नाण्यासारखी तीन व्होल्टची असते. घड्याळाच्या दुकानात ती सहज मिळते, एक जास्तीची घेऊन गिटारच्या पिशवीत टाकून ठेवावी.

ॲप मात्र काढून टाकू नका. आवाजाचा स्वर शोधण्यासाठी ते लागणार आहे.

तारा जुळवण्याची रीत

ट्यूनर गिटारच्या डोक्यावर, खुंट्यांच्या मधल्या सपाट भागावर घट्ट लावावा. प्रथम ४४० आकडा आणि क्रोमॅटिक पद्धत तपासावी, कारण बटणाला चुकून हात लागून आधार ४३८ वर गेला असेल तर सहाही तारा आपसांत जुळतील आणि इतर कोणत्याही वाद्याशी जुळणार नाहीत. मग सहाव्या तारेपासून सुरुवात करावी. बाकीच्या तारांवर उजव्या हाताचा तळवा किंवा डाव्या हाताची बोटे अलगद टेकवून त्या मुक्या कराव्यात, नाहीतर त्याही सहकंपनाने बोलू लागतात आणि काटा बिथरतो. तार अंगठ्याने मऊ छेडावी. जोरात छेडलेली तार पहिल्या क्षणाला किंचित चढी बोलते आणि मग खाली बसते, म्हणून छेडल्यावर अर्धा सेकंद थांबून काटा वाचावा.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की स्वरावर नेहमी खालून यावे. तार उतरलेली असेल तर हळूहळू चढवत मध्यावर आणावी. चढलेली असेल तर थेट खाली आणून थांबू नये. ती आधी स्वराच्या खाली उतरवावी आणि मग वर चढवून स्वरावर आणावी. खुंटीच्या दातेरी चाकांमध्ये थोडी ढील असते आणि नटच्या, म्हणजे डोके आणि मान यांच्या सांध्यावरच्या पट्टीच्या, खाचेत तार अडकून राहते. वरून खाली आलेल्या तारेत ती ढील तशीच राहते आणि दोन कॉर्ड वाजवताच तार आणखी उतरते. नटच्या खाचेत तार कुरकुरत असेल तर तार सैल करून त्या खाचेत पेन्सिलीचे शिसे हलकेच घासावे, फरक लगेच कळतो.

सहाही तारा लावून झाल्या की पुन्हा सुरुवातीपासून तपासाव्यात. बारीक तारा चढवताना गिटारच्या मानेवरचा ताण वाढतो आणि आधी लावलेल्या जाड तारा किंचित उतरतात. नव्या तारा टाकल्या असतील तर हा फेरा चार-पाच वेळा करावा लागतो, कारण नवी तार ताणली जाऊन बसायला वेळ घेते. प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे मानेवरच्या धातूच्या बाराव्या आडव्या तारेपाशी, बोटांनी हलकेच वर उचलून ताणली आणि पुन्हा लावली, असे दोन-तीनदा केले की ती लवकर स्थिरावते.

येथे एक धोक्याची सूचना देणे मला आवश्यक वाटते. ट्यूनर स्वराचे नाव दाखवतो, सप्तक बहुतेक वेळा दाखवत नाही. शिवाय आपण एक तार छेडत असतो आणि हात दुसऱ्याच खुंटीवर असतो, असे नव्या माणसाकडून हमखास होते. माझी पहिली बारीक तार अशीच तुटली. मी दुसरी तार छेडत होतो, काटा हलत नव्हता म्हणून खुंटी पिळत राहिलो, आणि ती खुंटी पहिल्या तारेची होती. तार तुटताना मनगटावर उमटलेला वळ आठवडाभर गेला नाही. तेव्हापासून प्रत्येक वेळी तार बोटाने नटपासून खुंटीपर्यंत चाचपत जावे आणि मगच खुंटी फिरवावी, असे मी प्रत्येक शिकणाऱ्याला सांगतो. खुंटी एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये आणि स्वर वर जातो आहे हे कानाने ऐकत राहावे.

ट्यूनर नसताना जुळवण्याची जुनी रीतही शिकून ठेवावी, कारण तिच्यामुळे कान तयार होतो. सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट दाबला की पाचव्या मोकळ्या तारेचा स्वर मिळतो. पाचवीवरून चौथी, चौथीवरून तिसरी आणि दुसरीवरून पहिली अशाच पाचव्या फ्रेटवर जुळतात. फक्त तिसरीवरून दुसरी जुळवताना चौथा फ्रेट दाबावा लागतो. दोन तारा एकत्र छेडल्यावर आवाजात लाटा उठल्यासारखे वाटते, त्यांना शाळेच्या पुस्तकात विस्पंद म्हटलेले असते. एक तार ११० हर्ट्झवर आणि दुसरी ११२ वर असेल तर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात. तार जुळत जाईल तशा त्या लाटा लांबत जातात आणि शेवटी थांबतात. हा अनुभव एकदा घेतला की ट्यूनरचा काटा काय सांगतो आहे ते कानाला कळू लागते.

ट्यूनर बरोबर आणि तरीही बेसूर

मोकळ्या तारा अचूक आहेत, तरी कॉर्ड वाजवली की ती खटकते, असे झाले तर एक प्रयोग करून पाहावा. ट्यूनर लावून दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट दाबा आणि छेडा. पडद्यावर सी दिसेल. बोट फ्रेटच्या तारेला अगदी लागून, तिच्या मागे ठेवा आणि आवाज स्वच्छ येईल इतकाच दाब द्या. काटा मध्याजवळ राहील. आता तीच तार, घाबरलेला नवशिक्या दाबतो तशी, सगळा जोर लावून दाबा. काटा उजवीकडे सरकलेला दिसेल. आता बोट किंचित खाली ओढा, काटा आणखी सरकेल. म्हणजे वाद्य जुळलेले असूनही आपले बोट तो स्वर चढवत असते. दिवसातून पाच मिनिटे हा सराव ट्यूनरकडे बघत केला तर हात आपोआप हलका होतो. बोटे दुखण्याचे प्रमाणही त्यामुळे कमी होते.

दाब हलका असूनही वरच्या फ्रेटवर स्वर चुकत असतील तर बाराव्या फ्रेटची परीक्षा घ्यावी. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून छेडल्यावर जो घंटेसारखा स्वर येतो तो, आणि तोच फ्रेट दाबून येणारा स्वर, हे दोन्ही काट्यावर एकाच ठिकाणी आले पाहिजेत. फरक मोठा असेल तर आधी तारा बदलून पाहाव्यात, कारण गंजलेली, मळलेली तार खरा स्वर देत नाही. नव्या तारांवरही फरक राहिला तर गिटार जाणकाराला दाखवावी. हाच घंटेसारखा स्वर ॲपवाल्यांच्याही उपयोगाचा आहे. सहाव्या तारेचा मूळ खर्ज मोबाइलला टिपता येत नसेल तर बाराव्या फ्रेटवरचा हा स्वर, जो दुप्पट म्हणजे सुमारे १६५ हर्ट्झचा असतो, तो ॲप सहज वाचते.

आणखी एक मोह टाळावा. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला गिटारवरचा गंधार चढा वाटतो, आणि ते खरेच आहे. निसर्गतः गोड लागणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो आणि गिटारच्या फ्रेटवरचा ४०० सेंटवर. ‘जी’ कॉर्डमध्ये दुसरी, म्हणजे बी, तार गंधाराच्या जागी येते, म्हणून काहीजण ती कॉर्ड गोड लागावी यासाठी ही तार कानाने थोडी उतरवतात. ‘जी’ कॉर्ड खरोखर गोड होते. परंतु पुढच्याच क्षणी ई मायनर वाजवली की तीच बी तार तिथे पंचमाची जागा घेते, पंचम उतरलेला लागतो आणि सगळी कॉर्ड ढासळते. पेटीप्रमाणेच गिटारनेही सगळ्या पट्ट्यांत वाजता यावे म्हणून ही तडजोड केलेली आहे. ती स्वीकारून ट्यूनरच्या मध्यावरच थांबावे.

खान्देशातला उन्हाळा आणि गिटार

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पोलादी तार तापली की प्रसरण पावते, सैल होते आणि उतरते. त्यामुळे सकाळी लावलेली गिटार दुपारी तीनला पुन्हा लावावी लागते, यात वाद्याचा दोष नाही. लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत ते सुकून आक्रसते आणि कूलरच्या थेट झोतात ठेवले तर एका बाजूने ओल शोषते. म्हणून गिटार कूलरसमोर ठेवू नये आणि गच्चीखालच्या तापणाऱ्या भिंतीलाही टांगू नये. पिशवीत बंद करून आतल्या खोलीत, कपाटात ठेवलेली बरी. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तर ती दहा मिनिटेही ठेवू नये, कारण आतल्या उष्णतेने ब्रिजचा, म्हणजे खालच्या बाजूला तारा अडकवलेल्या तुकड्याचा, गोंद सुटतो. पावसाळ्यात याच्या उलट होते. लाकूड फुगते, ब्रिज किंचित वर उचलला जातो, तारा चढतात आणि फ्रेटपासूनची त्यांची उंची वाढते. बाहेरून आल्यावर पिशवी उघडून गिटार दहा-पंधरा मिनिटे खोलीच्या हवेत राहू द्यावी आणि मगच ट्यूनर लावावा.

गाण्याची पट्टी शोधणे

आता गाण्याकडे येऊ. धुळ्याजवळच्या आमच्या गावात भजनाला पेटी वाजवणारे एक आप्पा आहेत. मी पहिल्यांदा गिटार घेऊन त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘‘भाऊ, तुन्हा सूर कोठे शे?’’ मी सहाही तारा अचूक लावल्या होत्या, आणि त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. कारण त्यांचा प्रश्न तारांबद्दल नव्हताच, गाण्याच्या ‘सा’बद्दल होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटली जाणारी गाणी किंवा श्रावणात कानबाई देवीपुढे म्हटली जाणारी गाणी कोणी पट्टी ठरवून म्हणत नाही. जिचा आवाज आधी उठतो तिच्या गळ्याची पट्टी हीच सगळ्यांची पट्टी होते. अशा गाण्याची साथ करायची असेल तर ते आधी शांतपणे दोन कडवी ऐकावे आणि ओळीच्या शेवटी चाल जिथे विसावते तो स्वर गुणगुणून धरावा. बहुतेक वेळा तोच ‘सा’ असतो. तो गुणगुणत असताना मोबाइलवरचे ॲप तोंडाजवळ धरले की स्वराचे नाव पडद्यावर येते. ट्यूनरचा हा उपयोग फारसा कोणी सांगत नाही, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. ॲपशिवाय करायचे असेल तर सहाव्या तारेवर एकेक फ्रेट वाजवत तो स्वर शोधावा.

‘सा’ काळी एकवर, म्हणजे सी शार्पवर निघाला असे समजू. त्या पट्टीतल्या कॉर्ड नवशिक्याला जड जातात. अशा वेळी कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून सीचे आकार वाजवावेत, किंवा चौथ्या फ्रेटवर लावून एचे आकार वाजवावेत. काळी चार असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जीचे आकार. काळी पाच असेल तर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि जीचे आकार, किंवा पहिल्यावर कॅपो आणि एचे आकार. हिशेब सोपा आहे. प्रत्येक फ्रेट म्हणजे पेटीची पुढची एक पट्टी, काळी-पांढरी दोन्ही धरून. कॅपो तारांना दाबून किंचित चढवतो, म्हणून तो फ्रेटला लागून, सरळ लावावा आणि लावल्यानंतर ट्यूनरवर पुन्हा एकदा नजर टाकावी. क्रोमॅटिक ट्यूनर इथे कामाला येतो.

पेटीबरोबर बसताना आधी पेटीची पांढरी सहा वाजवायला सांगून ती ॲपवर पाहावी. जुन्या पेटीच्या सुरांच्या पट्ट्या कालांतराने सरकतात आणि पेटी ऐनवेळी बदलता येत नाही, त्यामुळे जुळवून घेणे गिटारच्याच वाट्याला येते. आधाराचा आकडा एक हर्ट्झने वाढवला की सगळ्या तारा सुमारे चार सेंट चढतात. पेटी वीस सेंट चढी असेल तर ट्यूनर ४४५ वर ठेवून सहाही तारा नव्याने लावाव्यात. जुन्या ध्वनिमुद्रणांचेही असेच असते. टेपच्या वेगातल्या फरकामुळे कित्येक जुनी गाणी दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी सापडतात. गाण्याबरोबर वाजवताना काहीच जुळेनासे झाले तर आपल्या बोटांना दोष देण्याआधी हे तपासावे.

गाणे बसवणे

पहिले गाणे निवडताना आवडीला प्राधान्य द्यावे, पण ज्यात तीन-चार कॉर्ड आहेत असेच घ्यावे. पहिले दोन दिवस गिटार हातात न घेता ते ऐकावे. इअरफोन लावून प्रथम ठेका मोजावा. मात्रा आठाच्या चालीने जातात की सहाच्या, म्हणजे केहरवा आहे की दादरा, हे टाळी देऊन ठरवावे. ठेका चुकला तर बरोबर कॉर्डसुद्धा चुकीच्या वाटतात, आणि सहा मात्रांच्या गाण्यावर आठ मात्रांचा हात फिरवणे ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे. मग पुन्हा ऐकताना फक्त खर्जातल्या वाद्याकडे लक्ष द्यावे. ते जिथे स्वर बदलते तिथे बहुधा कॉर्ड बदलते. तो खर्जाचा स्वर सहाव्या किंवा पाचव्या तारेवर शोधला की कॉर्डचे नाव हाती येते. उरतो मेजर की मायनर हा प्रश्न, तो दोन्ही वाजवून कानाने सोडवावा.

इंटरनेटवर तयार कॉर्ड मिळतात. त्या वापरायला हरकत नाही, मात्र त्या कोणीतरी आपल्या कानाने लिहिलेल्या असतात, पुष्कळदा सोप्या पट्टीत बदललेल्या असतात आणि मराठी गाण्यांच्या बाबतीत अर्ध्याच बरोबर निघतात. कागदावरची प्रत्येक कॉर्ड मूळ गाण्याबरोबर एकदा वाजवून पाहावी आणि खटकेल तिथे कानाचे ऐकावे. पारंपरिक गाण्यांबाबत तर माझे मत असे आहे की चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या चालीवर कॉर्डची गर्दी करूच नये. ‘सा’ आणि ‘प’ यांचा आधार धरून ठेका दिला की गाणे उभे राहते आणि गाणाऱ्या बायकांना मोकळेपणा मिळतो.

हात बसवताना एका वेळी दोनच कॉर्ड घ्याव्यात आणि एका मिनिटात त्यांची किती वेळा स्वच्छ अदलाबदल होते ते मोजून लिहून ठेवावे. तो आकडा तीसच्या वर गेला की पुढची जोडी घ्यावी. त्यानंतर यूट्यूबवर गाण्याचा वेग ०.७५ करून त्याच्याबरोबर वाजवावे. वेग कमी झाला तरी पट्टी बदलत नाही, त्यामुळे कानाची सवय बिघडत नाही. अवघड ओळ आली तर संपूर्ण गाणे पुन्हा पुन्हा वाजवू नये. चुकते ती ओळ आणि तिच्या आधीची अर्धी ओळ एवढेच दहा वेळा वाजवावे, कारण चूक बहुधा कॉर्डमध्ये नसून कॉर्डवर पोहोचण्याच्या वाटेत असते. ओळ मोकळी झाली की वेग पूर्ववत करावा.

आठवड्यातून एकदा आपले वाजवणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकावे. वाजवताना लक्ष बोटांकडे असल्यामुळे जे कानाआड होते, ते दुसऱ्या दिवशी स्पष्ट ऐकू येते. ऐकताना वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: कोणत्या ओळीला ठेका धावला, कोणती कॉर्ड उशिरा आली आणि शेवटच्या कडव्यापर्यंत कोणती तार उतरली. शेवटची नोंद महिनाभर ठेवली की आपल्या गिटारची कोणती तार खोडकर आहे हे कळते. बहुतेकांच्या गिटारवर ती तिसरी किंवा दुसरी निघते, आणि मग दोन गाण्यांच्या मध्ये सगळ्या सहा तारा न तपासता आधी तीच तपासता येते.

चारचौघांत वाजवायला बसाल तेव्हा क्लिप गिटारलाच लावलेली असू द्या आणि जागेवर जाऊन बसल्यावर, तिथल्या हवेत, पेटीवाल्याकडून एकदा ‘सा’ मागून घ्या. कॅपो आधी लावा, मग तारा पाहा, मग ‘सा’ची कॉर्ड हळूच वाजवून गाणाऱ्यांकडे बघा. त्यांनी मान हलवली की ठेका सुरू करावा.